कपाटांचं घर

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं वाचलं. जिना चढू नकोस म्हटलं तर तू मुद्दाम चढशील, म्हणून गप्प बसते.

नव्या घराचा नकाशा आला. आर्किटेक्टबाईंनी आधी सामान किती ते विचारलं. लोक म्हणे खोल्या मोजतात आणि कपाटं विसरतात. ह्यांनी लगेच चार पानी यादी काढली. बंद पडलेले रेडिओ, रिकाम्या बरण्या, तीन पायांची खुर्ची. मग जिन्याखाली कप्पे आले, पलंगात खण आले, प्रत्येक दारावर माळा आला. माझी पुस्तकबांधणीची खोली तेवढी वाचली, मोठ्या खिडकीची. सध्या भाड्याच्या दोन खोल्यांत खोक्यांच्या फटीत बसून मी पुस्तकं शिवते, ते तू पाहिलंयस. आता थोडेच दिवस.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझी चिमी

ता. १२ मार्च

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

खोली कागदावर आहे तोवर तुझी नाही. नकाशा पक्का होण्याआधी जावईबुवांना एकेक खोकं उघडायला लाव. वर्षभर हात लागला नाही ते बाहेर. नाहीतर कितीही कपाटं केलीस तरी ती भरतील. तुला नाही म्हणता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी माझ्या ताटातलं कारलं तूच खायचीस, आणि मी खुशाल देत होते.

गुडघा बरा आहे. जिना चढले.

मायेने,
ताई

ता. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. दोन खोकी उघडली, तिसऱ्यात गंजलेल्या बिजागऱ्या निघाल्या. त्या हातात घेऊन हे खालीच बसले. मग घर जळालं तेव्हाचं सांगू लागले. नऊ वर्षांचे होते. आगीचं मला माहीत होतं, पण इतकं कधी बोलले नव्हते. काय काय उरलं ते मोजायला म्हणून आई रस्त्यावर अनवाणी उभी राहिली आणि मोजायला ह्या बिजागऱ्यांखेरीज काहीच नव्हतं, म्हणाले. त्या खोक्याला सुतळी मीच बांधली.

पुढच्या आठवड्यात बाईंकडे गेलो. माझ्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या बसतील, खिडकी अर्धी झाकली तरी चालेल, असं ह्यांनी सुचवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चालेल म्हणाले आणि सही केली.

ताई, ज्याचं सगळं गेलं त्याला टाकून द्या असं कोणत्या तोंडाने सांगू? आणि नाही सांगितलं तर मी बसू कुठे?

तुझी,
चिमी

ता. २५ एप्रिल

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

रागावत नाही. त्यांचं दुःख खरं आहे. पण ते घर जळालं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि तू आज पन्नाशीची आहेस. भांडू नकोस, नुसतं सांग. सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

तुझ्या काळजीत,
ताई

ता. ९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बांधकामाला सव्वा वर्ष गेलं, आता राहायला येऊन चार महिने झाले. सगळं सामान बसलं, माझ्या खोलीतसुद्धा. पाहुणे कपाटं उघडून बघतात आणि तारीफ करतात. माझं टेबल बाथरूमच्या वाटेवर, दिव्याखाली आहे. कुणी आत जायला निघालं की मला खुर्ची ओढून घ्यावी लागते.

गेल्या महिन्यापासून मी एका बांधणीच्या कारखान्यात कामाला जाते. एवढं घर असताना बाहेर कशाला, असं ह्यांनी जेवताना विचारलं. तेव्हा सांगून टाकलं, की इथे सगळं मावलं, मी तेवढी मावले नाही. हे जेवण तसंच ठेवून उठले.

तिसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन उभे राहिले आणि तुला जागा किती लागते, असं विचारलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं, कधी विचारलंच तर मी रडेन, नाहीतर राहू दे म्हणेन. पण मी लगेच सांगितलं, आठ फूट बाय सहा आणि खिडकी पूर्ण उघडी. आकडा तोंडात तयारच होता, ताई. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

ह्यांनी तो आकडा माझ्या त्या खोलीच्या दारावर पेन्सिलीने लिहून ठेवलाय. अजून एकही खोकं हललेलं नाही. उद्या मी नेहमीसारखी कामावर जाणार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चिमी