बांधावरचा एकतीस नंबर

३ मे, शनिवार

पोचलो एकदाचे आयोवात! सनीव्हेलच्या दोन खोल्यांतून थेट ऐसपैस घर, मागे अंगण आणि कुंपणापलीकडे चक्क शेतजमीन. रस्त्याचं नाव काउंटी फार्म रोड. मी परीक्षितला म्हटलं, इंजिनिअरची बायको म्हणून आणलंस आणि आता शेतकरीण केलंस. तो म्हणाला, यार आश्लेषा, आधी खोकी तर अनपॅक करू.

केयाला घर पसंत पडलेलं दिसतं. सगळं एकाच मजल्यावर, दारांना उंबरे नाहीत, त्यामुळे तिचा वॉकर कुठे अडत नाही. नऊ वर्षांच्या माझ्या लेकीनं आज स्वयंपाकघर ते मागचं दार अशा पंधरा फेऱ्या मारल्या. ती बोलत नाही. टॅबवरची चित्रं दाबते आणि टॅब तिच्या वतीनं इंग्रजीत बोलतो. आज 'मोअर' इतक्यांदा दाबलं की परीक्षितनं कान झाकून घेतले. थेरपिस्ट, शाळा, डॉक्टर सगळं पहिल्यापासून शोधायचंय, पण आज मला त्याचं काही वाटत नाही. रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलंय, बघू किती दिवस टिकतं.

१० मे, शनिवार

कुंपणापलीकडची जमीन काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची निघाली. तिथे लोकांना भाजीसाठी वाफे देतात. मलाही एक मिळाला. बागेची व्यवस्था डोना नावाच्या सत्तरीच्या बाई बघतात, भारी बोलक्या. त्यांनी सांगितलं की पूर्वी इथे काउंटीचं 'पुअर फार्म' होतं. ज्यांना कोणी नाही, किंवा ज्यांना सांभाळणं घरच्यांना जमत नाही, अशी माणसं इथे आणून सोडायचे. म्हातारी, आंधळी, पांगळी, वेडी म्हटलेली. अंगात असेल तेवढं बळ शेतात घालायचं आणि इथेच मरायचं. आता अर्ध्या जमिनीवर आमची कॉलनी आहे, उरलेल्यात सॉकरचं मैदान आणि कुत्र्यांसाठी पार्क. फाटकावर नुसतं 'ऐतिहासिक फार्म' लिहिलंय.

मेथी, कोथिंबीर, भेंडी पेरली. वाफ्याच्या कडेला गवतात वीतभर उंचीचा सिमेंटचा दगड सापडला, त्यावर ३१ आकडा. जुना वाफ्याचा नंबर असणार. वर्ध्याला बाबा पेरणीआधी बांधावरच्या दगडाला शेंदूर लावून नारळ फोडायचे. तो शेताचा राखणदार. मग मीही दगड धुतला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. केयाचं डोकं टेकवलं आणि म्हटलं, ही लेक तुझ्या पदरात घातली, आता तूच सांभाळ.

असं म्हणायची रीतच आहे. पण इथे खोटं कशाला लिहू? नऊ वर्षांत मी एक दुपार निवांत झोपलेले नाही. ते वाक्य मी मनापासून म्हटलं.

१९ मे, सोमवार

केया बदलली आहे. किरकिर नाही, हट्ट नाही. वाफ्यापाशी नेलं की दगडाजवळ तासन्‌तास बसते. गेल्या आठवड्यात दोनदा मी तिथेच खुर्चीवर गाढ झोपले. उठले तेव्हा तिची टोपी नीट बांधलेली होती, तोंड पुसलेलं होतं. डोना असतील म्हणून थँक्यू म्हणायला गेले, तर त्या त्या दिवशी आल्याच नव्हत्या.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आराम.

२८ मे, बुधवार

आज तिचे हात धुताना दचकले. तळव्यांना घट्टे पडलेत. नखांत काळी माती, अंगाला कसल्याशा उग्र साबणाचा वास. जो हात चमचाही धड धरत नाही, त्याला घट्टे कुठून आले? परीक्षित म्हणाला, वॉकरमुळे असेल, तू उगाच स्ट्रेस घेतेस.

विचारलं तर केयानं टॅबवर दाबलं: 'गर्ल'. मग 'मोअर'. मग पुन्हा 'गर्ल'. किती ते मोजत बसले. अकरा वेळा.

४ जून, बुधवार

डोनांना दगडाबद्दल विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. तो वाफ्याचा नंबर नाही. तिथे गवताखाली मुलींच्या कबरींची रांग आहे, अकरा जणींची. नावं कोरायची तसदी कोणी घेतली नाही, म्हणून आकडे. हळदकुंकवाचं सांगितलं तेव्हा त्या उठून कागद घेऊन आल्या.

त्यांच्याकडे फार्मच्या जुन्या रजिस्टरच्या प्रती आहेत. एकतीस नंबरसमोर वय नऊ आणि एकच शब्द: मुकी. इतरांसमोर लंगडी, मंद, फेफरं. पुढच्या रकान्यात कोणी आणलं ते. अकराच्या अकरा ठिकाणी 'आई'. त्यापुढचा रकाना भेटीला कोण आलं याचा. तो वरपासून खालपर्यंत कोरा.

मी घरी येऊन खूप रडले. त्या बायकांना शिव्या देणार होते, पण जीभ रेटेना. कामावर जायचं असेल, घरी आणखी चार पोरं असतील. थकल्या असतील. वाफा सोडला. केयाला आता तिकडे नेणार नाही.

९ जून, सोमवार

सकाळी केया पलंगावर नव्हती. वॉकर जागेवर, टॅब जागेवर. मी घरभर किंचाळत धावले. परीक्षितनं मला धरलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, कोण केया?

तो चेष्टा करत नव्हता. हॉलमधल्या फोटोत आम्ही दोघंच आहोत. तिच्या खोलीला तो गेस्टरूम म्हणतोय. पोलिसांना फोन केला, त्यांनी परीक्षितशी बोलून ठेवून दिला. त्यानं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. माझ्यासाठी.

वॉकर कोणाचा, हे त्याला सांगता आलं नाही. पण त्याला त्याचं काही वाटलंही नाही.

१० जून, सकाळ

केया. केया. नऊ वर्षं. डाव्या कानामागे तीळ. वरण-भात आवडतो. हसताना आधी डोळे मिटते. लिहून ठेवतेय, कारण मघाशी दहा-एक मिनिटं मी शांतपणे चहा पीत बसले होते, आणि घरात काय कमी आहे ते मला आठवत नव्हतं—

तिला कोणी चोरलेलं नाही. मी दिली. मग मीच आणली पाहिजे. रजिस्टरातला तो कोरा रकाना— परत न्यायला कोणीच आलं नाही. कोणी गेलं तर सोडत असतील. सोडायलाच हवं.

दुपार

गेले. लख्ख ऊन होतं. पलीकडे पोरं सॉकर खेळत होती. गुडघे टेकून गवत उपटलं, अकराही दगड मोकळे केले. मग जिवाच्या आकांतानं ओरडले. केया, आई आलीय, चल घरी.

वारा नव्हता, तरी मेथी हलली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत—

एक गार हात माझ्या हातात आला. ती होती! माझी केया, मातीनं माखलेली, माझ्याकडे बघत होती. उचललं. पळत सुटले. मागे वळून नाही पाहिलं. पाहायला हवं होतं.

मागे पावलं वाजत होती. पुष्कळ.

११ जून

परीक्षित ऑफिसला गेलाय. त्याला दिसत नाहीत.

बारा आहेत.

स्वयंपाकघरात भिंतीला लागून ओळीनं बसल्यात. त्यांना आई कधी आलीच नव्हती. मी आले. केया म्हणून हाक मारली, आणि त्या सगळ्या केया झाल्या. तोच चेहरा. कानामागे तोच तीळ— बाराही जणींच्या पाहिला—

वरण-भात वाढला. सगळ्यांनी खाल्ला. मी हसवलं. सगळ्यांनी आधी डोळे मिटले.

एक माझी आहे. एकच ठेवायची म्हणजे बाकीच्या अकरा जणींना पुन्हा तिकडे सोडून— पुन्हा एका आईनं— आणि चुकून मी माझ्या केयालाच सोडून आले तर?

सकाळी हात गार होते, एक सोडून. तो धरून ठेवायला हवा होता. मी पाणी आणायला उठले, तेवढ्यात त्यांनी जागा बदलल्या. आता एकेकीचा हात धरून बघतेय. ही गरम आहे. हीपण. हीसुद्धा गर—