शांताअक्काचं 'येत न्हाई'

मुडबी (कर्नाटक सीमाभाग), मंगळवार संध्याकाळ

अजून कान तापलेत. जवळचं-लांबचं दिसण्याच्या अभ्यासासाठी दिवसभर गावात डोळे तपासले. शेवटी शांताअक्का आल्या. तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरालाच म्हणाल्या, "येत न्हाई." पुढच्यालाही तेच. मी वैतागलो. "नीट बघा की अक्का! एवढं मोठं बी दिसंना व्हय?" रांगेतल्या बाया हसल्या. अक्का पदर सावरत उठल्या. मी फॉर्मवर लिहिलं, लांबचं दिसत नाही.

सामान आवरून थांब्यावर गेलो, तर त्या तिथंच. लांब वळणावर एसटी दिसली. "उमरग्याची हाय," त्या म्हणाल्या. मला चष्म्यातूनही पाटी दिसेना.

"पाटी वाचलीत?"

"व्हय. मराठीत हाय की. तुमचा तक्ता कानडी. मला कानडी वाचायला येत न्हाई, तेच सांगायलते."

येत न्हाई. दिसत न्हाई असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. मी मराठी घरातला, मला कळू नये? वाचता न येणाऱ्यांसाठीचा बिनअक्षरी, नुसत्या खुणांचा तक्ता पिशवीतच होता. घाई, दुसरं काय!

अक्काच्या फॉर्मवरची ओळ खोडली. बाकीचे फॉर्म समोर आहेत. कित्येकांवर 'दिसत नाही', माझ्याच अक्षरात. त्यातलं 'येत न्हाई' कोण कोण म्हणालं होतं, मला आठवत नाही.