दुसरी घागर

९ मे १९७०, शनिवार

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. शेजारच्या कलाबाईने दारात दोन घागरी भरून ठेवल्या. विस्तवावर आगारी, पितरांचा घास, टाकली, भोवती पाणी फिरवलं, मेलेल्यांना नावाने हाका मारल्या. तिचा नवरा राघो दिवाळीत वारला, त्याची ही पहिली आखाजी. खानदेशात घरोघर हेच चालतं. पण सुरतेजवळच्या उधन्याच्या या चाळीत तिकडची घरं आमची दोनच — बाकीच्यांना नवल!

आमच्याकडे ही रीत बंद. आमचा मुलगा सुकदेव आठ महिन्यांचा होऊन वारला, त्या वर्षी बायकोने, प्रमिलाने, घागर काढली होती. मेलेले पाणी पीत नाहीत, म्हटलं, आणि उचलून माळ्यावर टाकली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

११ मे

घरमालक मगनभाईंच्या सुनेचं पोटातलं मूल गेलं. संध्याकाळी ओट्यावर सगळी चाळ जमली. मगनभाई सारखे एकच — "धणी तो एक ज मर्यो, तो बीजो घडो कोनो?" नवरा तर एकच मेला, मग दुसरी घागर कुणाची? कुणीतरी म्हणालं, चेटूक! मग माझ्याकडे वळले. "टाइमकीपरसाहेब, तुम्ही वाचलेले. चेटूक म्हणजे नक्की काय हो?"

शाळा चौथीपर्यंतच — पण शब्दांची वही अकरा वर्षांची! आत जाऊन घेऊन आलो. वाचून दाखवलं. मूळ शब्द चेट, म्हणजे चाकर. मेलेल्याला हाक मारून उठवायचं, चाकर करून राबवायचं, ते चेटूक.

"हाक मारून?" पुष्पाबाई म्हणाली. "अगं बाई! मी ऐकलीय की तिची हाक!"

सगळ्यांच्या माना वळल्या. कलाबाई आपल्या दारात उभी होती. मी वही मिटली. सांगणं मात्र मुद्देसूद झालं असं वाटलं — इथे खोटं कशाला लिहू?

१३ मे

कलाबाईला खोली सोडायला लावली. एक ट्रंक, तवा, दोन्ही घागरी. जाताना माझ्यापाशी थांबली.

"भाऊ, तुमले तं आखाजी मालूम व्हती ना?"

मला शब्दाचा अर्थ विचारला, मी तेवढाच सांगितला — हे मनातल्या मनात. ओट्यावर आणखी चार शब्द बोलायचे होते. ही आमच्याकडची रीत आहे. मोजून चार!

१४ मे

प्रमिला बोलत नाही. ताट वाढते आणि उठून जाते.

१७ मे, रविवार

कलाबाई पलसाण्याला डाइंगच्या, कापड रंगवायच्या, कामावर लागली असं कळलं. सुट्टी होती, गेलो. तीन कारखाने पालथे घातले. पहारेकरी म्हणे, "ऐसी कोई बाई नहीं इधर." परत येऊन वहीतल्या त्या शब्दाखाली एक ओळ लिहिली — आखाजीच्या घागरीशी याचा काही संबंध नाही. आता कुणाला वाचून दाखवू?

१८ मे

आज प्रमिला बोलली. "तुम्ही घरात भरू दिली नाही, म्हणून तिच्या दारात भरली."

दुसरी घागर सुकदेवची होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी हाक मारली होती.