पंप थांबवू नये

लिहून ठेवणार मी, यासु कोमुकाई, सेइसाकु कोमुकाई यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा मोटारी आणि होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती, राहणार कुरोसे बंदर, इवाते प्रांत. सरकारी दाखल्यावर माझ्या नावापुढे विधवा लिहिलं आहे. मी तसं लिहीत नाही आणि या लेखातही कोणी लिहू नये.

माझं डोकं ठिकाणावर आहे. फक्त हात कापतात. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला आणि बोलता बोलता खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हाच मी काय ते समजले. हा हिवाळा सरेपर्यंत मी असेन असं वाटत नाही. लेख मी राजीखुशीने लिहीत आहे. माझी लेक मित्सुए उलट म्हणत होती, "आई, असलं काही कागदावर आणू नकोस गं. लोक हसतील." हसतील त्यांचे दात दिसतील.

कलम एक. राहतं घर, खालचं गॅरेज आणि पोस्टातली शिल्लक मित्सुएला. घर विकायचं तर विकावं, मला त्याचं काही नाही. छपराचा उत्तरेकडचा पत्रा मात्र आधी बदलून घे, नाहीतर गिऱ्हाईक पहिल्याच पावसात परत येईल.

कलम दोन. हत्यारं मच्छीमार सोसायटीच्या वर्कशॉपला. मोठा व्हाइस, लोखंड पकडायचा, देऊ नये, तिथले लोक त्याच्यावर शिंपले फोडतील. तो शेवयांच्या दुकानवाल्या कान्नोला द्यावा. त्याने मला कधी उधारीवरून टोकलं नाही.

कलम तीन. इंजिनात जादा हवा भरण्याचे माझे जे प्रयोग फसले, त्यांची वाटणी. माकूळ वाळवण्याचा मोठा पंखा ज्याला हवा त्याने न्यावा. निर्वात झाडणी, म्हणजे धूळ ओढायचं यंत्र, मित्सुएचं होतं, तिला परत. लोहाराचा कातडी भाता देवळाला. यांतलं काहीच चाललं नाही. पंख्याला हवा हलवता येते, दाबता येत नाही. समोर जरा अडथळा आला की तो नुसता ओरडतो, माझ्या जावयासारखा. भाता दाबतो चांगला, पण दोन धापांमध्ये थांबतो, आणि मला थांबणारं काही नको होतं.

कलम चार. या कलमासाठी हा सगळा खटाटोप आहे.

माझी छोटी मालवाहू मोटार, दोन सिलिंडरची, आणि तिच्या हौद्यात बसवलेला पाणबुड्याचा हवेचा पंप. हा पंप माझ्या नवऱ्याचा. ते होया, म्हणजे खडकाला चिकटणारे खायचे समुद्री जीव, काढायला तांब्याचा टोप घालून तळाशी उतरत. होडीवर पंपाचं चाक मी फिरवत असे, आणि जीवदोर धाकटे दीर तोकुजी यांच्या हातात असे. दोरीची भाषा या किनाऱ्यावर पोराटोरांना येते. एक ओढ, ठीक आहे. दोन, हवा वाढव. चार, वर काढ. तीन कोणी देत नाही, म्हणजे घोटाळा होत नाही. आणि पहिला नियम असा की पाणबुड्या होडीवर बसून त्याच्या टोपाची काच उघडेपर्यंत पंप थांबत नाही.

त्या दिवशी वारा अचानक फिरला. नांगर सुटला, होडी खडकाकडे ओढली जाऊ लागली आणि दोर खाली कपारीत अडकला. पंपावरचा खोलीचा काटा सतरा वावांवर होता, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी खोली. तोकुजी भावजींनी सुरी काढली आणि दोर, नळी दोन्ही कापलं. कापलं नसतं तर होडीवरचे सगळेच गेलो असतो, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चाक फिरवतच राहिले. कापलेल्या नळीतून हवा फुसफुसत होती.

"वहिनी, पुरे. सोडा ते."

"ते वर आलेले नाहीत, भावजी."

"नळीच नाही राहिली, वहिनी. कोणाला देताय हवा?"

"पंप थांबत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

बंदराला लागेपर्यंत त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. भावजी, तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. माफ केलं असंही म्हणत नाही.

पंप मी घरी आणला आणि खांदा निकामी होईपर्यंत हाताने चालवला. मग गाडी घेतली. पंपाचं हाताचं चाक काढून पट्ट्याने तो इंजिनाला जोडला आणि त्याची हवा टाकीतून कार्ब्युरेटरला दिली. गाव म्हणालं नाकापेक्षा मोती जड, आणि ते खरंच होतं. पेट्रोलच्या वाटीलाही तोच दाब द्यावा लागतो, नाहीतर पेट्रोल मागे हटतं आणि गाडी खोकते, हे कळायला एक उन्हाळा गेला. त्यानंतर ती घाट अशी चढू लागली की मोठ्या गाड्या चालवणारी मुलं विचारायला यायची. मी सांगायचे, शिकवायचे. पण मला वेग नको होता. मला पंप फिरता हवा होता.

दिवसरात्र तो चालवता येत नाही. पण टाकीत हवा उरते, आणि ती संपायच्या आत मी गाडी पुन्हा काढते. हे मी कधी चुकवलेलं नाही.

आता जे लिहिते ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पंपावरचा जुना काटा वावांत खोली दाखवतो. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तो सतरावर जाऊन उभा राहिला. तेवढ्या दाबाने हे इंजिन फुटलं असतं. मी शेजारी नवा काटा लावला, तो तीन वावांच्या वर जाईना. जुना सतरावरच. टाकीच्या तळाचा नळ उघडला की साचलेलं पाणी निघतं, त्यात नवल नाही. ते खारट असतं. आणि घाटात कधी कधी पायाखालचा पेडल खालून ओढला जातो. दोनदा. मी तार बदलली, स्प्रिंग बदलली, नंतर बदलणं सोडून दिलं. दोन ओढी आल्या की मी हवा वाढवते.

इतक्या वर्षांत जुना काटा उतरत आला आहे. आधी चौदा, मग नऊ. या पानगळीत तो दोनच्या खाली गेला. ते वर येत आहेत, आणि मी पुरी पडणार नाही. मला मरणाची भीती नाही. भीती एवढीच वाटते की शेवटच्या दोन वावांसाठी पंप थांबेल.

म्हणून गाडी आणि पंप मी तोकुजी कोमुकाई यांना देत आहे. मित्सुए, तू ती भंगारात दिली असतीस, आणि तुझ्या जागी कोणीही शहाणं माणूस तेच करेल. भावजी, तुम्ही रोज चालवा. चार ओढी येतील तेव्हा गाडी धक्क्यावर, अगदी पाण्याच्या कडेला उभी करा. इंजिन बंद करू नका. टोपाच्या काचेचा पाना गाडीत सीटसमोरच्या खणात आहे, तेल लावून ठेवला आहे. आटे डावीकडे फिरतात. इतक्या वर्षांनी गच्च बसले असतील, घाई करू नका. काच उघडल्यावर पंप थांबवायला हरकत नाही.

तोवर माझ्या अस्थी कोमुकाईंच्या कबरीत ठेवू नयेत. ती कबर रिकामी आहे, मी आधी जाऊन बसणार नाही. सीटच्या मागे ठेवाव्यात, पंपाजवळ.

हा लेख मी स्वतः लिहिला, वाचला आणि शिक्का उठवला.

यासु कोमुकाई (शिक्का)

साक्षीदार : शोकिची कान्नो, शेवयांचं दुकान, बंदर रस्ता. समक्ष सही केली.

साक्षीदार : ताएको उगे, देवळाच्या कारभारीण. समक्ष सही केली. मजकुराबद्दल मला काही म्हणायचं नाही.

ठिकाण कुरोसे बंदर. हेइसेइ सहावे वर्ष (सन १९९४), जानेवारी, तारीख एकोणीस.

घेणाऱ्याची मान्यता : मी तोकुजी कोमुकाई. वहिनी, मजकूर वाचला. सहीच्या आधी गाडी एकदा घाटापर्यंत नेऊन आणावी म्हटलं, म्हणजे तुमचा वेडेपणा तुमच्या तोंडावर सांगता येईल. वळणावर पेडल ओढला गेला. मी मोजत होतो. तीन झाल्या आणि चौथी यायच्या आत मी पाय काढून घेतला. उद्या काढणार नाही. गाडी धक्क्यावर उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि पाना माझ्या खिशात आहे.