सातव्या बशीची वासलात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा काठ्यांवर बशा फिरवणे, रंगमंचावर आणि टीव्हीवर 'बशीवाले काका', कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. हात थरथरतात, पण डोकं ठिकाणावर आहे. वकीलबाईंनी दोनदा खात्री करून घेतली.

१. राहतं घर बायकोला. पन्नास वर्षं तिने स्वयंपाकघरात माझी तालीम सोसली.

२. काठ्या, टेबल आणि अकरा बशा मुलीला. खेळ तिनेच पुढे चालवायचा. जावईबापूंनी त्या बशा चहाला काढू नयेत. तळाला काठीच्या टोकासाठी खळगा आहे, वर कप डुगडुगतो.

३. चंदेरी कोट नाट्यगृहाच्या शिंप्याला. त्याने तो इतक्यांदा सैल केलाय की निम्मा त्याचाच आहे.

४. टीव्हीच्या निर्मात्याला काहीही नाही. माझा खेळ दाखवल्यावर लोक म्हणाले, "ही कॅमेऱ्याची करामत!" तेव्हा हा गृहस्थ मला म्हणतो, "काका, आता नवीन काहीतरी बसवा." नाही बसवलं. पुढची वीस वर्षं त्याच बशा गावोगाव फिरवल्या.

५. आता मुलाचं. तो तेव्हा त्याच निर्मात्याकडे संकलनाला नवा लागला होता. माझी सातवी बशी पडून फुटली, तेवढा भाग त्याने कापला. मी घरी येऊन ओरडलो, "पोटावर पाय दिलास माझ्या!" तो म्हणाला, "बाबा, तुमची चूक जगाने बघावी असं नाही वाटलं मला." तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तर जाहीर करतो की सातवी बशी मी दर खेळात मुद्दाम पाडत असे. एक फुटली की बाकीच्या खऱ्या वाटतात, बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. टीव्हीवर ती फुटलेली दिसलीच नाही, म्हणून लोकांना सगळी कॅमेऱ्याची करामत वाटली. गुरूंनी शपथ घातली होती, म्हणून घरातही अवाक्षर काढलं नाही. मग पोराला कसं कळणार? त्याने मायेने कापलं आणि मी वीस वर्षं नाक वर करून बसलो. चूक माझी आहे. शपथ मोडल्याचं गुरूंना वर गेल्यावर मी सांगेन काय ते.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे तुमच्या पश्चात वाचलं जाईल." ते मला चालणार नाही. सह्या झाल्या की मी स्वतः त्याच्या दारात जाऊन सांगणार. त्याने दार लावलं तर पायरीवर बसेन. उद्या पुन्हा जाईन.

साक्षीदार: नाट्यगृहाचा दिवेवाला (सही), शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
सही: बशीवाले
ठिकाण: राहतं घर
दिनांक: सोळा नोव्हेंबर, सकाळी सव्वादहा. मुलाच्या घराकडची बस पावणेअकराला आहे.