नानांची हेराल्ड

आमोद,

गेली नऊ वर्षं आपण एकमेकांशी बोलत नाही आणि ही चिठ्ठी म्हणजे बोलणं नव्हे. एवढं स्पष्ट केल्यावर आता बोलतो.

मी खडकीला बॅटरी आणायला चाललोय. दहाला जुन्या गाड्यांच्या ग्रुपमधली मंडळी येतील. त्यांना वर तुझ्याकडे चहा दे, माझी साखर संपली आहे. दर रविवारी ही मंडळी नानांच्या हेराल्डवर हात ठेवून "काका, हिच्यात अजून जीव आहे" म्हणतात, म्हणून तर मी पाच महिने गंज खरवडतोय. नाना गेल्यावर गाडी कुणाची यावरून आपण दोघे भाऊ भांडत बसलो आणि ती गंजली, हे त्यांना ठाऊक नाही. तूही सांगू नकोस.

मागच्या चाकाचा एक नट माझ्याच्याने हलत नव्हता. मंगळवारी तो सुटून, स्वच्छ पुसून बॉनेटवर ठेवलेला होता. मंगळवारी ग्रुप येत नाही. मी चौकशी केलेली नाही.

आज गाडी सुरू करून गेटबाहेर काढायची आहे. धक्का मारायला माणसं पुष्कळ आहेत. स्टिअरिंगवर मात्र घरचं कुणीतरी हवं, आणि मला गाडी चालवता येत नाही.

दादा