आईकडे आलेले पेअर

प्रिय ग्यु-सोक,

प्रिय लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहिलं. बाकी डोकं तापलेलंच आहे.

छुसोकच्या सणाआधी तुझी पेअर फळांची पेटी आईकडे आली. ती हरखली. "बघ, पोरगा विसरला नाही. तूच हट्टी," असं मलाच ऐकवलं. मी सैन्याच्या खरेदी कार्यालयात आहे, माल विकणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून मला भेट घेता येत नाही, हे तुला पाठ आहे. म्हणून आई सापडली होय रे तुला?

तूही याच कार्यालयात होतास तेव्हा, देजॉन शहरातल्या त्या खोलीत आपण दोघांनी भिंतभर नकाशा काढला होता. तिन्ही दलं कोणती यंत्रं वापरतात, कशाला काय जोडलंय, एकच वस्तू तीन नावांनी कुठे घेतली जाते, सगळं एका भिंतीवर. वायरलेसच्या बॅटऱ्याच डझनभर तऱ्हांच्या निघाल्या. थंड नूडल खाता खाता तू म्हणालास, "अगं वेडे, सगळ्यांना एकच प्लग लाव. खर्च निम्म्यावर येईल." आला. केवढा अभिमान वाटला होता मला तुझा. त्याच हिवाळ्यात आपण लग्नाचं ठरवलं.

तो प्लग देशात एकच कंपनी बनवते. नकाशात ते दिसत होतं, तुला आणि मला. पुढे तू नोकरी सोडलीस, मग मला. सरकारी नोकरी सोडल्यावर अशा कंपनीत जायला जी बंदी असते, तिचा काळ संपतो न संपतो तोच त्याच कंपनीत जाऊन बसलास आणि दर दुप्पट केलेस. सैन्य जाणार कुठे? सगळ्या बॅटऱ्यांना आपणच तो प्लग लावून ठेवलाय. वाचवलेलं सगळं तुझ्या कंपनीच्या घशात गेलं. दराचा संताप आहेच. पण नूडल खातानाच हे तुझ्या मनात होतं का, या विचाराने माझी झोप उडाली आहे. उत्तर देऊ नकोस, मला ते खरं वाटणार नाही.

आईने तीन पेअर बाबांच्या नैवेद्याला ठेवले होते. तेवढे बाजारातून आणून भरलेत, जरा लहान आहेत. पेटी आज परत निघतेय. कायद्याप्रमाणे तिची खबर मी कार्यालयातल्या तपासनीसांना दिली आहे. त्यामुळे मंगळवारी दर ठरवायला माझ्यासमोर तू नसशील, कंपनीचं दुसरं कोणी असेल. त्यांच्यापुढे मी नवा नकाशा लावणार आहे, दोन कंपन्यांच्या दोन प्लगचा. सुरुवातीला महाग पडेल, पडू दे. एकाच्याच भरवशावर मी पुन्हा काही ठेवणार नाही. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

कधीकाळची तुझीच,
बो-रा